उजव्या कानाला घंटा

"चार प्रकार आहेत," ऋतानं पाटीवर बोट फिरवत वाचलं. "निसर्ग-कुटी. तंबू-निवास. सामूहिक तळ. आणि रानतळ. ठकूताई, आमचा चौथा."

"काय काय लिहिलंय चौथ्यात, वाचा की," मी म्हणलं. मला वाचता येत नव्हतं. दुसरीत शाळा सुटली होती आणि सव्वीस वर्षांची होईस्तोवर त्यावाचून काही अडलं नव्हतं.

"'स्वतःचा तंबू, स्वतःचं पाणी. वीज नाही, शौचालय नाही. स्थानिक वाटाड्या बंधनकारक. फक्त धाडसी पर्यटकांसाठी.'"

बमूनाना चुलीपाशी उकिडवा बसला होता. त्यानं बिडी दगडावर विझवली आणि हसला. "साठ वर्सं आमी धाडसी हुतो की गं ठके. कुनी सांगितलंच न्हाय."

ऋता हसली. तिचे वडील, करंदीकर सर, तेही हसले. मी नाही हसले. ती पाटी जिथं उभी होती तिथं आमचा गोठा होता.

बमूनाना माझा चुलता. आईबाप लहानपणी गेल्यावर त्यानंच मला म्हशीच्या दुधावर वाढवलं. आंबेघोळ हे आमचं गाव, बावीस घरं, सगळे गवळी धनगर. रान राखीव झालं तेव्हा आम्हाला ट्रकात घालून खाली सपाटीवरच्या वसाहतीत नेऊन टाकलं. माणसं रानाला बाधतात म्हणाले. मग अकरा वर्षांनी त्याच गावठाणात पर्यटकांचा तळ काढला, आणि रानाला बाधणाऱ्या माणसांपैकी दोघांना रोजावर परत बोलावलं. नाना वाटाड्या. मी स्वयंपाकीण.

चार प्रकार मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. कुटी म्हणजे सिमेंटची खोली, आत गरम पाण्याचा नळ; तिथं साहेब लोक आणि त्यांचे पाहुणे. तंबू-निवास म्हणजे आमच्या घरांची जोती. भिंती पाडल्या, जोती ठेवली, कारण आयता ओटा कुठं मिळतो? त्यावर खाट टाकून तंबू ठोकले. सामूहिक तळ म्हणजे आमचं खळं. शाळेची पोरं तिथं ओळीनं झोपायची. आणि रानतळ म्हणजे वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, जिथं आम्ही पावसाळा सरताना म्हशी घेऊन महिनामहिना राहायचो. त्याला आम्ही काही नाव दिलं नव्हतं. राहणं म्हणायचो.

करंदीकर सरांचा पाय आदल्या दिवशी जोत्याच्या दगडावरून मुरगळला होता. ते खाली थांबणार होते. ऋता आणि नाना वर जाणार होते. भाद्रपद सरत आला होता, सड्यावर फुलं होती, तिला फुलांचे फोटो काढायचे होते.

"बाबा, तोंड नका पाडू. उद्या दुपारी खाली येते," ती म्हणाली. मग नानाकडे वळून, "नाना, वर धुकं आलं तर काय करायचं?"

"येनारच," नाना म्हणाला. "आलं की जागंवर बसायचं. घंटा वाजली की ती उजव्या कानाला घ्यायची आन् चालायचं. डाव्या कानाला न्हाय, फुड्यात न्हाय. उजव्या. पायाखाली आपसूक वाट येती."

"घंटा कुठाय पण?"

"घंटा ग्येली खाली, वसाहतीत. आता ठकी परात वाजवंल." त्यानं माझ्याकडे बघितलं. "वाजवशील न्हवं?"

"वाजवीन," मी म्हणलं.

"झोपशील."

"तुमच्यावानी न्हाय मी."

"बघा, चुलत्याला कसं बोलती ते," तो ऋताला म्हणाला आणि काठी उचलली.

ही घंटा आमच्या वाघजाईच्या देवळातली. सड्यावर धुकं उतरलं की गावातली कुठलीही बाई, जिचा माणूस वर असेल ती, देवळात जाऊन बसायची आणि शेवटचा माणूस खाली येईस्तोवर घंटा वाजवायची. पोर अंगावर पीत असलं तरी एका हातानं वाजवायची. नानाची बायको, नानी, गेली त्या साली मी एकदा चार तास वाजवली होती. कुणी कधी हरवलं नाही. आता देवळाभोवती वनखात्याची काटेरी तार आहे आणि वसाहतीत ती घंटा आरतीपुरती वाजते. तिथं सगळं सपाट आहे, हरवायला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मी भाकरी थापत होते. हाताखालची परात एकाएकी गार लागली. वर बघितलं तर सडा नव्हता. जिथं डोंगर होता तिथं पांढरी भिंत, आणि ती भिंत खाली येत होती. आधी वरचं रान गेलं. मग देवळाचा आंबा. मग ओढ्यापलीकडचं गावठाण. बघता बघता स्वयंपाकघराच्या दारातली पायरी दिसेना. पाखरं गप झाली. माकडं गप झाली. धुक्याला वास असतो, ओल्या राखेसारखा. तो नाकात बसला.

करंदीकर सर भिंत चाचपत, लंगडत आले. "ठकूताई, हे असंच राहतं का?"

"तासभर राहतं. कधी संध्याकाळपर्यंत."

"वर किती अंतरावर कडा आहे?"

सड्याला एका अंगाला आमचं गाव. दुसऱ्या अंगाला कोकणकडा. तिथं कातळ सरळ सरळ जातो आणि एकदम नसतोच. मधी कुंपण नाही, झाड नाही. म्हैस गेली तर पडल्याचा आवाजसुद्धा वर येत नाही.

मी परात आणि लोखंडी उलथनं उचललं आणि देवळाकडे निघाले. ओढ्यावरच्या साकवापाशी घोलप साहेब उभे होते. ते आमचे वनपाल. अंगात इस्त्रीचा गणवेश, कारण त्या दिवशी कुटीत वरचे साहेब उतरले होते.

"परात घेऊन कुठं निघालीस?"

"देवळात. नाना वर अडकलाय, त्या ताईला घेऊन. वाजवाया लागंल."

"देवळात? तारेच्या आत? तिकडं बंदी आहे ना? जनावरांचे फोटो काढणारे कॅमेरे लावलेत आत. साहेबांनी फोटोत तुला बघितलं तर मी काय सांगू?"

"साहेब, आमच्यात देवळातनंच वाजवत्यात."

"तुमच्यात काय काय करतात ते मला नको सांगू. इथं वाजव, स्वयंपाकघरापाशी. आवाज तो आवाज. इथून गेला काय, तिथून गेला काय." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि जरा बेतानं. साहेब झोपलेत."

मी देवळाच्या दिशेला बघितलं. काही दिसत नव्हतं. मग मी माघारी फिरले.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभं राहून मी परात वाजवायला घेतली. तीन ठोके, थांबायचं. तीन ठोके, थांबायचं. आमची रीत तीच. थांबलं की ऐकायचं.

पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला काही नाही. चौथ्या खेपेला वरून, लांबून, शिट्टी आली. बारीक. ऋताच्या गळ्यात केशरी शिट्टी होती.

"ऐकलंत?" सर ओरडले. त्यांनी माझा दंड धरला. "ऐकलंत ना? तिचीच! वाजवा, वाजवा!"

तीन ठोके. शिट्टी. तीन ठोके. शिट्टी. "येतायत," मी म्हणलं. "नाना हाय बरोबर. डोळं बांधून सोडलं तरी घरी येनारा मानूस हाय." आमचा एक रेडा कसा नानाच्या मागून दोन डोंगर चालत आला होता ते मी सरांना सांगितलं. ते हसले. मीही हसले. हात चालूच होता.

दहा मिनिटं गेली असतील. शिट्टी येत होती, पण मला ऐकायला मान वर करावी लागत होती.

"बारीक झाली का?" सर म्हणाले.

"धुकं दाटलंय. धुकं आवाज खातं."

आणखी तीन ठोके. शिट्टी. मी श्वास धरून ऐकली. ओढ्याचं पाणी मधी येत होतं. मी जोरात वाजवायला लागले. उलथन्याचा दांडा तळहातात रुतला. परातीला पोचे पडत होते. घोलप साहेब धुक्यातनं बोलले, "अगं हळू!" मी हळू केलं नाही. तेवढं तरी नाही केलं.

शिट्टी आली. आता ती शिट्टी होती की माझ्या कानातला सूं आवाज, ते मला कळेना.

"जवळ यायला पाहिजे ना?" सर माझ्या तोंडाशी येऊन म्हणाले. त्यांच्या चष्म्यावर पाणी साचलं होतं, मागचे डोळे दिसत नव्हते. "आवाज जवळ यायला पाहिजे. लांब का जातोय? ठकूताई, ते कसे येणार आहेत? मला नीट सांगा. कुठल्या बाजूनं?"

"अहो उजव्या कानाला घंटा घेऊन. नानानं सांगितलं न्हाय का?"

"म्हणजे कसं? दाखवा मला."

दाखवायला म्हणून मी ओट्यावरच डोंगराला पाठ करून उभी राहिले. म्हणलं, हे बघा, मी नाना आहे, मी सड्यावर आहे. गावाकडे तोंड. वरून उतरताना देऊळ उजव्या हाताला, ओढ्याच्या त्या अंगाला. हा उजवा हात केला. देवळात घंटा वाजते, ती उजव्या कानात येते, मी सरळ चालते, गाव येतं. आणि स्वयंपाकघर...

स्वयंपाकघर डावीकडे होतं. ओढ्याच्या ह्या अंगाला, नवीन बांधलेलं, आमच्या वेळी नव्हतंच. परातीचा आवाज नानाच्या डाव्या कानात जाणार. आणि डाव्या कानातला आवाज उजव्या कानात घ्यायचा तर माणसानं काय करावं?

मी ते केलं. जागच्या जागी फिरले. पुरी फिरले. माझी पाठ गावाकडे झाली आणि तोंड कोकणकड्याकडे.

परात माझ्या हातात होती. शेवटचा ठोका अजून तिच्यात घुमत होता. मी ती छातीशी दाबून धरली, गप करायला, जशी रडणारी पोर दाबतात.

"काय झालं? थांबलात का?" सर म्हणाले.

"थांबली का गं?" घोलप साहेब. "मगाशी वाजवते वाजवते, आता गप? वाजव!"

वाजवलं तर ते पुढं जाणार. नाही वाजवलं तर धुक्यात त्यांना काहीच नाही, आणि नाना तर ठोका चुकला म्हणून थांबणारा माणूस नव्हता. ओरडून सांगावं तर अर्ध्या कोसावर शब्द पोचत नाहीत, नुसता आवाज पोचतो. आणि तो आवाज त्यांना तिकडंच नेणार.

मी पळाले. साकव मला दिसला नाही, पायाला लागला. घोलप साहेबांनी मला धरायला हात घातला, पदर त्यांच्या हातात राहिला आणि फाटला. "ए! नोकरीवरनं जाशील!" ते मागनं ओरडले. गावठाणातनं पळताना मी जोती मोजत होते, आंधळ्यासारखी, पायानं: हे कोंडीबाचं, हे झिलूचं, हे आमचं. मधल्या तंबूचा दोर गळ्याला लागला, पडले. परात वाजत लांब गेली. ती एकटी वाजली तो आवाज वर कुणी ऐकला असेल का, हे मी आजवर स्वतःला विचारते. हातानं चाचपत ती शोधली. मग तार. काटेरी तारेखालून पोटावर सरपटले, पाठ सोलून निघाली, कळलं नाही. देऊळ म्हणजे आता चार दगड आणि घंटेची रिकामी कडी.

मी कडीखाली उभी राहिले आणि वाजवलं. तीन ठोके. थांबले.

काही नाही.

तीन ठोके. काही नाही.

मी म्हणत होते, नाना, फिर. नाना, फिर, मी इकडं आलेय, ह्या कानाला घे. वाघजाईला नवस बोलले नाही. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसती वाजवत राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. उलथन्याचा दांडा मोडला, मग दगडानं वाजवलं.

मग शिट्टी आली. एकच. लांबून, पण खरी.

मी रडायला लागले आणि हात थांबवला नाही. तीन ठोके, शिट्टी. तीन ठोके, शिट्टी. आता ती जवळ येत होती. मागनं सर आणि घोलप साहेब तारेपर्यंत आले होते. तारेच्या आत कुणी आलं नाही. शिट्टी वाटेच्या तोंडाला आली, मग खडे घरंगळल्याचा आवाज आला, मग धुक्यातनं ऋता आली. गुडघ्यांवर आणि हातांवर. उभी नव्हती. तळहात सोलून लाल झाले होते. कमरेला ओढणीचं एक टोक बांधलेलं, दुसरं टोक मागं कातळावरनं फरफटत येत होतं.

ते टोक मोकळं होतं.

"नाना?" मी विचारलं.

तिनं ते टोक ओढून हातात घेतलं.

"नाना पुढं होते. काठीनं कातळ ठोकत. ओढणीचं टोक मनगटाला गुंडाळलेलं त्यांनी. मी म्हणाले, आवाज बारीक होतोय नाना. ते म्हणाले, धुकं आवाज खातं. मी म्हणाले, आपण थांबू या का? ते म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ठकी चुकायची न्हाय."

सर तारेपलीकडून तिला हाका मारत होते. ती माझ्याकडेच बघत होती.

"मग काठी वाजली नाही. नुसतं 'हां' म्हणाले, कुणी हाक मारल्यासारखं. ठकूताई, मला हिसका बसला नाही. टोक त्यांच्या मनगटाला होतं आणि मला हिसका बसला नाही. त्यांनी ते आधी सोडलं."

मी एकच गोष्ट विचारली. विचारली नसती तर बरं झालं असतं.

"तवा परात वाजत हुती का?"

तिला कळलं मी का विचारतेय. शहरातली होती, पण कळलं. तिनं खोटं बोलायचा प्रयत्न केला, तिचं तोंड तसं झालं, आणि मग तिनं मान हलवली.

"वाजत होती."

धुकं दुपारी दोनला उठलं. ऊन पडलं, फुलं दिसायला लागली. नानाला खालच्या कोकणातल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी वर आणलं, आमच्या घोंगडीत.

पंचनामा कुटीच्या व्हरांड्यात झाला. वरचे साहेब खुर्चीवर, घोलप साहेब लिहीत होते. मला म्हणाले, "तू जे सांगितलंस तेच लिहिलंय. अंगठा दे." मी तेव्हा काहीच सांगितलं नव्हतं. पण शाई पुढं आली, मी अंगठा दिला. परत भ्याले. एका आठवड्यात दोनदा.

त्या अंगठ्याखाली काय होतं ते कळायला मला पाच वर्षं लागली. ती वर्षं मी अक्षरं शिकण्यात घालवली. कुणी शिकवली नाहीत. तळावरची नोकरी गेलीच होती. मी वसाहतीतून चालत यायची, फाटकाबाहेर उभी राहायची आणि त्या पाटीवरची अक्षरं बघायची. चार प्रकार काय आहेत ते मला ऋताच्या तोंडून पाठ होतं. पाठ होतं म्हणून 'रा' कुठला आणि 'न' कुठला ते जुळवता आलं. माझी पहिली बाराखडी 'रानतळ' ह्या शब्दातनं निघाली. मग वर्तमानपत्राची रद्दी, मग पुस्तकं, मग अर्ज. कागदाची नक्कल मागायचा अर्ज मी माझ्या हातानं लिहिला, तीनदा परत आला, चौथ्यांदा नक्कल मिळाली.

त्यात लिहिलंय, वाटाड्या वयस्क असून त्यास ऐकू कमी येत असावे. लिहिलंय, स्वयंपाकी महिलेने स्वतःच्या मर्जीने, स्वयंपाकघराजवळ, भांडे वाजवले. लिहिलंय, सदर आवाजामुळे एक पर्यटक सुखरूप परतली. देवळाचा उल्लेख नाही. तारेचा नाही. आणि शेवटी शिफारस: आवाजाचा इशारा उपयुक्त ठरल्याने स्वयंपाकघरानजीक कायमस्वरूपी घंटा बसवावी.

बसवली. नवी कोरी, पितळेची, मोठी. मी तीन कचेऱ्यांत सांगितलं की ती तिथनं हलवा, ती चुकीच्या कानाला वाजते. पहिल्या कचेरीत हसले. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, बाई, लेखी द्या. लेखी दिलं. त्याला आता सात वर्षं झाली. तळ चालू आहे. पाटी नवीन रंगवली आहे आणि चौथ्या प्रकाराखाली एक ओळ वाढवली आहे: 'धुके आल्यास घंटेच्या आवाजाच्या दिशेने यावे.' त्या दिशेला मधी घळ आहे, ओढ्याची, तीन पुरुष खोल. पाटी रंगवणाऱ्याला ते माहीत नाही. माहीत असणारे वसाहतीत आहेत.

म्हणून हे लिहिलं. नानाला कमी ऐकू येत नव्हतं. त्याला नीट ऐकू आलं आणि त्यानं ऐकलं तसं केलं. मला जिथं वाजव म्हणाले तिथं मी वाजवलं, हेही लिहा कुठं तरी, हात माझाच होता.

आणि तुम्ही कधी तिथं गेलात, चौथा प्रकार घेतलात आणि वर असताना धुकं आलं, तर खाली बसा. जिथं आहात तिथं, कातळावर, बूड टेकून. घंटा वाजेल. चांगली वाजते, लांबवर ऐकू येते.

उठू नका.